वेर्णाचं गोदाम, सपाट छत : मार्च ते जून २०२५ च्या नोंदी

३ मार्च, सोमवार

गळक्या छताच्या दुरुस्तीसाठी पहिली पाहणी. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतलं वितरण गोदाम, नव्वदच्या दशकातलं बांधकाम. आरसीसी स्लॅब ६० मीटर बाय ४० मीटर, म्हणजे २४०० चौरस मीटर. मधोमध एक एक्स्पान्शन जॉइंट (स्लॅबला तापून पसरायला ठेवलेली फट), त्यामुळे उत्तर आणि दक्षिण असे दोन सरळ भाग. खाली औषधांची आणि किराणा मालाची खोकी, वरपर्यंत रॅक.

गोदाम मॅनेजरने रॅकच्या सर्वात वरच्या कप्प्यावर अंथरलेली निळी ताडपत्री दाखवली. पावसाळा संपला तरी काढलेली नाही, कारण डिसेंबरपर्यंत ठिबकत होतं. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पाऊस थांबल्यावर दोन महिने गळणारं छत म्हणजे नुसती भेग नव्हे; वर कुठेतरी पाणी साठून बसलंय. ठिबक येते ती ट्यूबलाइटच्या पेटीतून. स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून पाणी वाट काढतं आणि जिथे पेटी सापडेल तिथे उतरतं. तेव्हा खालचा डाग बघून वर भोक शोधण्यात अर्थ नाही.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर), त्यावर डांबरी फेल्ट, त्यावर कुणीतरी मारलेलं पांढरं कोटिंग, त्यावर दुसऱ्या कुणीतरी मारलेलं हिरवं. प्रत्येक थर म्हणजे एकेका पावसाळ्याची मलमपट्टी.

गोदामाचे मालक शेट म्हणाले, "वर पत्रा मारून टाकूया. माझ्या घरावर तेच केलंय." गोव्यात गच्चीवर पत्रा हा घरोघरचा उपाय आहे, आणि घरासाठी तो वाईटही नाही. इथे मात्र गच्चीवर एसीची युनिट आहेत, मंजूर नकाशात पत्र्याचा मजला नाही, आणि पठारावर वारा मोकळा. त्याहून मोठी गोष्ट मी त्यांना कठड्यापाशी नेऊन दाखवली. एवढ्या छताचं पाणी उतरवायला ११० मिमीचे आठ पाइप. पत्रा मारला तरी पाणी शेवटी त्याच आठ तोंडांत येणार.

६ मार्च, गुरुवार

कोब्यात कापून खड्डे घेतले, दोन्ही भागांत. उत्तरेकडचा कोबा कोरडा, टणक, ठोकला तर खणखणतो. दक्षिणेकडे विटांचे तुकडे हाताने निघाले आणि खड्ड्याच्या तळाशी चक्क पाणी. मार्च महिना, गेले कित्येक आठवडे कडक ऊन, आणि तरीही. वरचे तीन थर आतलं पाणी वाळू देत नाहीत. वाफेला वर जाता येत नाही, म्हणून ती खालीच उतरते.

एक्स्पान्शन जॉइंट उघडला. आत सिमेंटचा माल ठासून भरलेला. ३० मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर साधारण ९ मिमी लांबतो. हलण्यासाठी ठेवलेली फट दगडासारखी बुजवली, तर बाजूचं काहीतरी फुटणारच. फुटलंय.

१० मार्च, सोमवार

हिशोबाचा दिवस. शेट, त्यांचे आरसीसी कन्सल्टंट, मी.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ताशी १०० मिमी वेगाने पाऊस पडला तर या छतावर तासाला २ लाख ४० हजार लिटर पाणी येतं, मिनिटाला ४ हजार लिटर. गोव्यात पावसाचा असा सपाटा सहसा तासभर टिकत नाही, पण दहा-पंधरा मिनिटं नक्की टिकतो, आणि गळायला तेवढी पुरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या कोष्टकात १०० मिमी व्यासाच्या पाइपला, ताशी १०० मिमी पावसासाठी, ४२-४३ चौरस मीटर छत दिलंय. इथे एका पाइपच्या वाट्याला ३०० येतं. कोष्टक हात राखून केलेलं असतं हे खरं, पण सातपट?

त्यात जुने आठही पाइप गोदामाच्या आतून, खांबांना लागून उतरतात. म्हणजे तुंबले, फुटले, सांध्यातून सुटले तरी पाणी मालावरच.

ठरलं ते असं. आतले पाइप कायमचे बंद. दोन्ही लांब बाजूंना, दर ६ मीटरवर, खांबांच्या ओळीत, बाहेरून १६० मिमीचे पाइप. बाजूला दहा, एकूण वीस. संहितेत १५० मिमीच्या पाइपला ताशी १५० मिमी पावसाला ८३ चौरस मीटरच्या आसपास दिलेत, १०० मिमीला दीडपट धरायचे. वीस पाइप २४०० ला जेमतेम पुरतात. त्याहून जोराचा पाऊस आला तर कठड्यात, छताच्या पातळीपासून ७५ मिमी वर, आडवी सांडवा-तोंडं. त्यातून पाणी पडताना खालून दिसलं पाहिजे, म्हणजे वॉचमनलाही कळेल की नेहमीचा रस्ता बुजलाय.

दक्षिण भागाचा कोबा पूर्ण काढायचा. उत्तरेचा ठेवायचा, खोलगट जागा भरून घ्यायच्या. वर सगळीकडे एकच शीट.

शीट कोणती, यावर बराच वेळ गेला. कन्सल्टंट ४ मिमी एपीपी डांबरी मेंब्रेनच्या (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराच्या शीटच्या) बाजूचे, कारण ती लावणारी माणसं गोव्यात कुठेही मिळतात. मुद्दा खरा आहे. पण ती टॉर्चच्या ज्योतीने चिकटवायची, आणि खाली छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. जुन्या फेल्टमध्ये एखादी ठिणगी दडून राहिली तर संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ती धुमसते. मी १.५ मिमी टीपीओ (एक प्रकारची प्लास्टिकची जलरोधक शीट) सुचवली: पांढरी, गरम हवेने सांधणारी, ज्योत नाही. महाग पडते. शेटनी विमा कंपनीला फोन लावला, आणि त्यानंतर डांबराचा विषय परत निघाला नाही.

१९ मार्च, बुधवार

शिगमा आटोपून माणसं परतली. कोबा तोडायला सुरुवात.

दक्षिण भाग १२०० चौरस मीटर, कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात, ओला असल्याने जास्तच. म्हणजे २४० टन राडारोडा गच्चीवरून उतरवायचा. मुकादमाला सक्त सांगितलंय: ढीग करायचा नाही. तोडलं की घमेल्यात, घमेल्यातून चुटमध्ये (राडारोडा खाली सोडायच्या नळीत), चुटमधून टिप्परमध्ये. एका जागी मीटरभर उंच ढीग केला तर स्लॅबवर जे वजन येतं त्याचा विचार कुठल्याच आराखड्यात केलेला नसतो. मोठे ब्रेकरही नकोत. हातात धरायचे हलके चालवतोय. काम हळू होतं. शेट खालून विचारतात, एवढा वेळ का. वर आले की विचारत नाहीत.

खाली रॅकवर प्लास्टिक, आणि ज्या पट्ट्यात तोडफोड चालू असेल त्याखालचे दोन रस्ते बंद. मॅनेजर नाराज, पण रोज सकाळी कोणता पट्टा तोडणार हे लिहून देतो म्हटल्यावर राजी झाले. गाड्या त्याप्रमाणे लावतात.

२७ मार्च, गुरुवार

स्लॅब उघडा पडला. आग्नेय कोपऱ्यात कोब्याखाली नववा पाइप सापडला! तोंडावर फरशीचा तुकडा ठेवून वर कोबा घातलेला. मूळ आराखड्यात तो आहे की नाही बघायला जुने नकाशे मागवले, कुणाकडे नाहीत. या कोपऱ्यात पाणी का तुंबायचं ते कळलं. उतार त्याच्याकडेच होता.

स्लॅबला पाइपांच्या भोवती पोकळ, जाळीदार काँक्रीट. तीन ठिकाणी सळई गंजून वरचं काँक्रीट फुगलेलं. तारेच्या ब्रशने गंज खरवडून, सळईला लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने भरतोय. आतल्या जुन्या पाइपांची भोकं नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणाऱ्या) ग्राउटने बंद.

३ एप्रिल, गुरुवार

पाडवा रविवारी झाला, सोमवारी अर्धी माणसं नव्हती. मंगळवारपासून काम रुळावर.

दक्षिण भागाला नवा ढाळ. मधल्या उंचवट्यापासून कडेपर्यंत २० मीटर. १:१०० चा ढाळ धरला तर मध्ये कडेपेक्षा २०० मिमी उंच. कडेला ४० मिमी, मध्ये २४०, सरासरी १४०. हे साध्या काँक्रीटने केलं तर काढलेल्या कोब्यापेक्षा जड होईल. म्हणून फोम काँक्रीट (आत हवेचे बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट), घनता घनमीटरला ८०० किलोच्या आसपास. चौरस मीटरला ११० किलो. जुन्याच्या जवळपास निम्मं. स्लॅब म्हातारा आहे, त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं तर बरंच.

लेव्हल बघायला ऑटो लेव्हल आहे, तरी आमचा गवंडी पाण्याची नळी घेऊनच फिरतो. दोन्हींत कुठे २ मिमीपेक्षा फरक आला नाही. आला असता तरी तो नळीवरच विश्वास ठेवणार होता.

एक अडचण आधीच दिसत होती: जिन्याच्या खोलीचा उंबरा. नवा ढाळ तिथे आला की उंबरा जेमतेम ६० मिमी वर राहतो. शीट भिंतीवर किमान १५० मिमी चढवायची असते. दरवाजा काढून, उंबरा उंच बांधून, दरवाजा खालून कापावा लागला. सुताराने दोन दिवस घेतले, बिल तीन दिवसांचं.

११ एप्रिल, शुक्रवार

कठड्यातली तोंडं. कन्सल्टंटनी जागेवर येऊन खुणा केल्या. बीम स्लॅबच्या पातळीला संपते, वरचा कठडा विटांचा आहे, त्यामुळे वीट कापायला हरकत नाही. बीमला हात लावायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि खडूने लिहूनही ठेवलं.

तोंड गोल ठेवलं नाही. आडव्या गोल भोकात पाणी शिरायला आधी बरंच साचावं लागतं. ३०० बाय १०० ची रुंद पेटी कठड्यातून बाहेर, बाहेर वरून उघडा हॉपर (नरसाळ्यासारखी पेटी), हॉपरखाली १६० चा पाइप. उघडा हॉपर का, तर पाइप तुंबला तर पाणी हॉपरवरून बाहेर सांडतं, छतावर चढत नाही.

पाइप खाली कुठे सोडायचे, हा पुढचा प्रश्न. आवारातल्या गटाराला हे सगळं एकदम झेपणार नाही. पूर्वेचे दहा पाइप नव्या चरातून जमिनीखालच्या टाकीकडे, पश्चिमेचे गटारात. वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं तर या छतावर ७२ लाख लिटर पाणी पडतं. शेट आत्ता टँकरने पाणी विकत घेतायत. हा आकडा ऐकून त्यांनी टाकी मोठी करायला सांगितली. छताच्या कामातला हा एकच भाग, ज्याबद्दल ते स्वतःहून फोन करतात.

१६ एप्रिल, बुधवार

फोम काँक्रीट वाळलंय का? वरून हात फिरवला तर ठणठणीत. ४५ सेंटिमीटर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून ठेवलं, सहा ठिकाणी. किमान सोळा तास ठेवायचं.

१७ एप्रिल, गुरुवार

सहापैकी चार प्लास्टिकांच्या आतल्या बाजूला थेंब. मध्यभागी, जिथे थर जाड आहे, तिथे सगळ्यात जास्त. किनाऱ्यावरची हवा आहे, एप्रिलचं ऊन कितीही असलं तरी रात्री दमट होतं. थांबायचं.

शेटना पटत नाही. "यांत्रिक पद्धतीने ठोकणार आहात ना, चिकटवणार नाही ना, मग ओल काय करेल?" प्रश्न चांगला आहे. चिकटवलेली शीट ओलीवर फुगते, ठोकलेली तेवढी फुगत नाही. पण अडकलेली ओल खाली जाणारच, आणि पावसाळ्यात खाली थेंब दिसला तर तो जुना की नवा हे सिद्ध करत बसायला मी तयार नाही. उंचवट्याच्या ओळीत वाफ सोडणारे पाइप बसवायचे आणि तोवर उत्तरेचं काम पुढे काढायचं, असं मिटलं.

उद्या गुड फ्रायडे, काम बंद.

२२ एप्रिल, मंगळवार

खेचचाचणी. शीट बोल्ट आणि चकत्यांनी ठोकायची, तर बोल्ट किती वजन धरतो ते आधी कळायला हवं. उत्तर भागात कोब्यातच थांबलेला बोल्ट हाताने हलला. विटेत पकड नाही. कोब्यातून आरपार स्लॅबमध्ये गेलेला मात्र यंत्राने खेचला तरी जागचा हलला नाही. तेव्हा लांब बोल्ट, सगळीकडे. जिथे वायरिंगचे पाइप आहेत तिथे आधी डिटेक्टर फिरवून लाल रेघा मारल्या. रेघेवर ड्रिल नाही.

वाऱ्याचा हिशोब: आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पणजीला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर. त्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या वर. सपाट छतावर वारा शीटला दाबत नाही, वर ओढतो. आणि कोपऱ्यांत, कडांना ही ओढ मधल्या भागाच्या दुप्पटीहून जास्त असते. म्हणून मध्ये बोल्टांच्या ओळी विरळ, कडेला दाट, कोपऱ्यात आणखी दाट. मुकादम म्हणाला कोपऱ्यात एवढे बोल्ट म्हणजे पैशाची उधळण. त्याला मे २०२१ मधलं तौक्ते आठवायला सांगितलं. वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून नुसतं पुढे गेलं होतं, तरी किती झाडं पडली, किती दिवस वीज नव्हती! मग गप्प बसला.

२६ एप्रिल, शनिवार

उत्तर भागावर ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल, म्हणजे शीटखाली अंथरायचं जाड कापड, त्यावर शीट. सांधणीला सुरुवात.

कुडाळहून आलेला सांधणीवाला या कामातला खरा कारागीर. सकाळी आल्याबरोबर कामाला हात घालत नाही. आधी शीटचे दोन तुकडे घेतो, सांधतो, गार होऊ देतो, दोन्ही टोकं धरून ओढतो. शीट फाटली पाहिजे. सांधा सुटला तर यंत्राचं तापमान नाहीतर वेग बदलायचा. दुपारी जेवून आल्यावर पुन्हा तेच. सकाळी शीट गार असते, दुपारी पाय ठेववत नाही. सकाळचं तापमान दुपारी चालत नाही. त्याच्या शब्दांत: "ऊन चढला काय शीट चिकाटता, पण धरणा नाय." चिकटणं आणि धरणं यातला फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावरून तो बोथट टोकाची सळई फिरवतो. जिथे टोक आत शिरतं तिथे खडूचा गोल, आणि हातातल्या छोट्या यंत्राने पुन्हा.

तीन शीटा एकत्र येतात ती जागा सगळ्यात दगाबाज. तिथे मधल्या शीटेची कड तासून घ्यावी लागते, नाहीतर पायरी राहते आणि पायरीखालून केसाएवढी नळी. तो या जागांवर वेगळा गोल तुकडा लावतो. मी सांगितलं नव्हतं.

वीज हा वैताग आहे. गोदामाच्या लाइनवर यंत्र लावलं की दुपारी दाब पडतो, गरम हवा कोमट होते, आणि यंत्र मात्र चालत राहतं. वेगळा जनरेटर आणला. त्याला दुसरं काहीही जोडायचं नाही, मोबाइलसुद्धा नाही.

दुपारी इन्फ्रारेड गनने मोजलं: जुन्या काळ्या फेल्टचा एक पट्टा शिल्लक आहे, तो ६४ अंश, शेजारची पांढरी शीट ४३. खाली मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, औषधांच्या बाजूचा एसी आता दुपारी मध्येच बंद पडून विश्रांती घेतो, तो का हे त्याला कळत नव्हतं.

३ मे, शनिवार

आज काम बंद. आमची दोन मुलं धोंड (लईराईदेवीचे व्रत करणारे भक्त) आहेत, शिरगावला लईराईच्या जत्रेला गेली होती. पहाटे चेंगराचेंगरीची बातमी आली. माणसं दगावलीत. सकाळी साडेआठला दोघांचाही फोन लागला, ठीक आहेत. आणखी काही लिहीत नाही.

५ मे, सोमवार

दक्षिण भागातली प्लास्टिकं कोरडी. लगेच जिओटेक्स्टाइल अंथरायला घेतलं. सगळी माणसं इकडे वळवली, उत्तरेचा एक तृतीयांश भाग तसाच ठेवून. तिथे जुना कोबा कोरडा आहे आणि जुनी कोटिंग अजून शाबूत, तो थोडा थांबू शकतो. दक्षिणेला फोम काँक्रीट उघडं आहे, ते थांबू शकत नाही.

९ मे, शुक्रवार

एक्स्पान्शन जॉइंट. जुना माल पूर्ण काढला, फटीत फोमची दोरी, दोन्ही बाजूंना उंच कडा, आणि वरून शीट सैल, पोटाशी वळण देऊन. ताणून लावली तर फट उघडल्यावर फाटेल. जॉइंट छतापेक्षा उंच ठेवल्यामुळे पाणी त्याच्यावरून वाहत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहतं. साधी गोष्ट आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या गच्च्यांत जॉइंट सगळ्यात खोल जागी असतो.

१४ मे, बुधवार

पाणी साठवून चाचणी, दक्षिण भाग.

शेटना वाटत होतं, पूर्ण छतावर ५० मिमी पाणी उभं करायचं. उतार असलेल्या छतावर तसं होत नाही. मधल्या उंचवट्यावर ५० मिमी पाणी हवं असेल तर कडेला २५० मिमी होईल, कठड्यातल्या तोंडांच्या कितीतरी वर, आणि स्लॅबवर चौरस मीटरला पाव टन. म्हणून कडेचा ५ मीटर रुंदीचा पट्टाच अडवला: ३० मीटर लांब, आतल्या बाजूला २५ मिमी खोल, कठड्याशी ७५. साडेसात हजार लिटर, एका टँकरचं काम. तोंडं रबरी फुग्यांनी बंद. ४८ तास. मग तेच पाणी पंपाने दुसऱ्या बाजूला. मे महिन्यात टँकर मिळवताना जी आर्जवं करावी लागतात, ती पाहता एकच पाणी दोनदा वापरणं मला बरं वाटलं. गळती होते ती बहुतेक कडेला, तोंडापाशी, पाइपापाशी. मोकळ्या मैदानात, शीटच्या मधोमध, फारशी नाही. तिथे सांध्यांची सळई-तपासणी पुरते.

१८ मे, रविवार

दोन्ही पट्टे कोरडे उतरले. खाली ट्यूबलाइटच्या पेट्या उघडून पाहिल्या, धूळ कोरडी.

हवामान खात्याचा इशारा आहे, अरबी समुद्रात कर्नाटक किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार होण्याची शक्यता. उत्तरेचा उरलेला भाग ४०० चौरस मीटरच्या आत, तिथल्यापैकी निम्म्यावर शीट अंथरलीय. दर संध्याकाळी शीटची उघडी कड सीलंटने खाली चिकटवून, वर वाळूच्या पिशव्या. आज पिशव्या दुप्पट केल्या.

२० मे, मंगळवार

दुपारनंतर आला, आणि वळवाच्या पावसासारखा नाही. वळीव गडगडतो, झोडपतो, निघून जातो. हा एका लयीत रात्रभर. मी वरच होतो. सांडवा-तोंडांतून एक थेंब नाही, हॉपर भरून वाहतायत पण सांडत नाहीत. उघडी कड धरून.

२१ मे, बुधवार

सकाळी सातला मॅनेजरचा फोन: दक्षिण भागात ठिबक. ज्या भागाची चाचणी झाली, तोच.

वर जाऊन बघतो तर एसीच्या ठेकेदाराच्या माणसांनी काल केबलची नवी पट्टी बसवली आणि ती थेट शीटमध्ये स्क्रूने ठोकली. चार स्क्रू. शेजारीच आम्ही त्यांच्यासाठी सिमेंटचे ठोकळे, रबरी गादीसकट, ठेवले होते. ते बाजूला सरकवून जागा केलेली. भांडायला वेळ नव्हता. बांबू उभे करून ताडपत्रीचा तंबू, आत हीटरने शीट वाळवली, घासून पुसून चार ठिगळं. सांधणीवाल्याने प्रत्येक ठिगळाचे कोपरे गोल कापले. टोकदार कोपरा आधी उचलतो. दुपारी ठिबक थांबली.

मग शेटशी बोललो. जिन्याच्या दाराला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, वर जाणाऱ्याचं नाव, काम आणि वेळ वहीत. त्यांनी लगेच मान्य केलं. एसीवाल्याचं बिल अडलंय असं ऐकतो.

२५ मे, रविवार

काल तो कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढला. आज हवामान खात्याने गोव्यात मान्सून आल्याचं जाहीर केलं. आम्ही जूनचा पहिला आठवडा धरून चाललो होतो, सगळेच धरतात. उरलेल्या भागावर काम बंद. ओल्या शीटवर सांधा धरत नाही, आणि ओल्या कोब्यावर शीट अंथरून ओल कोंडायची नाही. जुनं कोटिंग तिथे अजून आहे, ते एवढे दिवस काढेल.

वॉचमनने गेटवर गाठून विचारलं, "पात्रांव, ह्या खेपेक उदक येवचें ना मूं?" (मालक, या खेपेला पाणी येणार नाही ना?) त्याला हॉपर दाखवले आणि सांगितलं, वरून पाणी सांडताना दिसलं तर फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

१ जून, रविवार

पाऊस ओसरलाय. प्लास्टिकची चाचणी पुन्हा, यावेळी कोब्यावर. दोन ठिकाणी थेंब. पंखे लावले.

५ जून, गुरुवार

उघाडीत उत्तरेचा शेवटचा पट्टा झाला. सगळे सांधे सळईने तपासले, तीन खडूचे गोल, तिन्ही दुरुस्त. कठड्यावर शीटची वरची कड ॲल्युमिनियमच्या पट्टीने दाबून, पट्टीवर सीलंट. तोंडांवर घुमटाकार जाळ्या. सपाट जाळीवर एक पान आडवं बसलं की भोक बंद. घुमटावर पानं बाजूने साठतात, वरून पाणी जातं.

१६ जून, सोमवार

पाऊस परतलाय, चांगलाच. तासभर वर उभा राहिलो. पश्चिमेच्या बाजूला एका सांडवा-तोंडातून पाणी पडताना वॉचमनने पाहिलं आणि फोन केला. चौथ्या क्रमांकाची जाळी: पॅकिंगची प्लास्टिकची पट्टी, वर कावळ्याने आणलेल्या काटक्या. काढल्यावर दोन मिनिटांत पाणी उतरलं. आत कुठेही ठिबक नाही. रॅकवरची निळी ताडपत्री मॅनेजरने अजून काढलेली नाही, म्हणतो जुलै जाऊ दे.

राहिलेलं: पूर्वेच्या टाकीचा ओव्हरफ्लो गटाराला जोडायचा आहे. जाळ्या पावसाळ्यात दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर साफ करायच्या, ते काम वॉचमनच्या पगारात धरायचं की वेगळे पैसे द्यायचे हे शेट ठरवतायत. आमच्या बिलातले दहा टक्के ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याकडे. उत्तर भागातल्या दोन वाफेच्या पाइपांच्या टोप्या बदलायच्या, माल बेळगावहून येतोय.